नारळ कंपनीचा, गाऱ्हाणं गावाचं

बाबांनी आधी माइकला हात जोडले. मंडपवाला फिसकन हसला.

"घाडीनू, ह्यो देव नाय, माइक आसा. तोंड जवळ न्या आनि बोला."

"माका शिकव नको. तुझ्या जल्माच्या आधीपासून बोलतंय मी," बाबा म्हणाले आणि त्यांनी माइकवर एक टिचकी मारली. तो आवाज देवळाच्या मागच्या डोंगरावर आपटून परत आला, आणि बाबांचा चेहरा असा काही उजळला की मला हसू आवरेना. मी बायकांच्या घोळक्यात चटईवर बसले होते. पाचवा महिना सरत आला होता, पाठ दुखत होती, तरी शेजारच्या जनाकाकीला कोपरानं ढोसून म्हटलं, "बघ तुझे भावजी. आज काय ते कोणाक ऐकूचे नाय."

"ऐकू नको देत. बोलले म्हंजे झाला," काकी म्हणाली. तिला हसू आलं नव्हतं. तिचं सगळं लक्ष समोरच्या टेबलाकडे होतं. टेबलावर हिरवं कापड होतं, मागे खुर्च्या मांडल्या होत्या, आणि जिल्ह्याहून यायचे साहेब अजून पोचले नव्हते.

माझे बाबा, गुणाजी घाडी, हे आमच्या शिरोंज्याचे गावघाडी. तळकोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. घाडी म्हणजे गावातर्फे देवाशी बोलणारा माणूस. कुणाच्या पोरीचं लग्न ठरत नाही, कुणी नवी होडी पाण्यात सोडतोय, कुणाची म्हैस दूध देईनाशी झाली, की तो माणूस नारळ घेऊन रवळनाथाच्या देवळात येणार. मागणं स्वतः मागायचं नाही, घाड्याच्या तोंडून मागायचं. याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. घाडी एकेक वाक्य देवापुढे टाकतो, वाक्याच्या शेवटी 'म्हाराजा' म्हणून थांबतो, आणि जमलेला सगळा गाव एका आवाजात म्हणतो, 'व्हय म्हाराजा!' हे आम्हाला कुणी शिकवत नाही. एकाला जांभई आली की दुसऱ्याला येते, तसं ते तोंडातून निघतं.

आणि घाड्यानं एकदा शब्द टाकला की त्यावर गावात दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, हाही नियम. मला लहानपणापासून त्याचा फार तोरा. माझ्या बापाच्या मागे सगळा गाव बोलतो, असं मी शाळेत मुलींना सांगायची.

त्या दिवशी बाबांना बोलायचं होतं ते मात्र देवाशी नव्हे, सरकारशी.

आमच्या गावाच्या डोक्यावर जांभ्याचा सडा आहे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ. मे महिन्यात बघाल तर काळंठिक्कर, अनवाणी पाय ठेववत नाही. त्या कातळाखाली बॉक्साइट आहे, असा शोध एका कंपनीला लागला आणि तिनं सगळा सडा खाणीसाठी मागितला. त्यावर गावाचं म्हणणं ऐकायला सरकारनं सुनावणी ठेवली. कागदावर म्हणे ती पडीक जमीन. पडीक! आमच्या वाडवडिलांनी त्या सड्याची केव्हाच वाटणी करून ठेवली होती. पूर्वेचा सडा माणसांचा, पश्चिमेचा पाण्याचा. घर बांधायचं, देवळाची भिंत घालायची, तर चिरे पूर्वेकडून काढायचे. पश्चिमेकडे कुदळ न्यायची नाही. कारण पश्चिमेच्या कातळात पाऊस मुरायचा आणि खाली आमच्या वरच्या वाडीत झरा होऊन बाहेर पडायचा, तो भर वैशाखातही आटत नसे. वाडीतली सगळी घरं त्या झऱ्याचं पाणी प्यायची, आणि जनाकाकीचं तर सगळं आयुष्यच त्यावर उभं होतं. काका गेल्यापासून झऱ्याच्या तोंडाशी असलेली पोफळीची बाग तिनं एकटीनं राखली होती. मूल नाही, बाळ नाही. एकेका पोफळीशी ती बोलायची.

गाव काही खाणीच्या विरोधात नव्हता, हे आधीच सांगते. आमची पोरं गोव्याच्या हॉटेलांत बशा धूत होती, त्यांच्या आयांना ती घरी हवी होती. म्हणून देवळात गावकी बसली आणि दोन दिवस भांडून एक तोडगा निघाला. पूर्वेचा सडा कंपनीला द्यावा, खोदावा, पोरांना कामं द्यावीत. पश्चिमेच्या सड्याला हात लावू नये. शाळेतल्या गुरुजींनी सुचवलं, हे लिहून सह्या करून देऊया. तर सगळे म्हणाले, लिहायला कशाला हवं, सुनावणीत घाडी बोलतलो. शंभर तोंडं बोलली तर सायबाच्या कानात काय जाणार? एकच तोंड बोलूंदे.

बाबा त्या दिवशी गावकीतून घरी न येता थेट जनाकाकीच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, गेले होते. मीही माहेरपणाला आलेली, तिथंच बसले होते. ते म्हणाले, "जना, भिया नको. पश्चिमेचो सडो मी सोडूचंय नाय. तुझा पाणी आता माझ्या तोंडात आसा."

काकीनं पदर सारखा केला आणि ती आत चहा टाकायला गेली. चहात साखर दुप्पट पडली होती.

तर अशी ती सुनावणी. कंपनीनं मंडप देवळाच्या आवारातच घातला होता. कंपनीचा माणूस श्रीकर नाडकर्णी, आमच्याच भागातला, गोड बोलणारा. म्हणाला होता, लोकांना परकं वाटायला नको, आपल्या देवापुढे मोकळेपणानं बोलतील. आम्हाला ते फार आवडलं होतं. मोकळेपणानं बोलायला आम्ही सगळे धुतलेले कपडे घालून, पोरांची नाकं पुसून तिथं जमलो होतो. एक पोरगा कॅमेरा लावून उभा होता, सरकारी नियमच होता तो, सगळं चित्रित करायचं. बायका पदर नीट करत कॅमेऱ्याकडे चोरून बघत होत्या.

साहेबांना यायला उशीर होता. नाडकर्णी पायऱ्या चढून वर आला, चपला काढल्या, हातात नारळ, अगरबत्ती. बाबांच्या पायाला हात लावून म्हणाला, "घाडीकाकानू, कामाक सुरवात करूच्या आधी देवाक नारळ ठेवूचो म्हणतंय. मी परको मानूस. तुमच्या तोंडान गाराणा घाला."

आता यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? परका माणूस गावच्या सीमेत काही काम घेऊन आला तर त्यानं देवाला नारळ ठेवायचा, ही आमचीच रीत. उलट तो न विचारता कामाला लागला असता तर गाव चिडला असता. बाबांनी नारळ घेतला, देवापुढे ठेवला, आणि माइक हातात घेतला.

मी माझ्या बापाचं गाऱ्हाणं हजारदा ऐकलंय, पण तसं कधी नाही. माइकमधून तो आवाज सड्यावर जाऊन परत येत होता आणि बाबांना तो स्वतःलाच ऐकू येत होता. ते फुलत गेले.

"बा देवा रवळनाथा, शिरोंज्याच्या सीमेच्या धन्या, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो परको पावणो तुझ्या पायरेर इलो हा. तेनं तुझो मान तुका दिलो हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या मनात जा काय काम आसात, ता शिद्धीक ने, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण तेच्या कामाक आडो येयत, तेका तूच बघून घी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यातलं एकही वाक्य नवं नव्हतं. गाऱ्हाणं असंच असतं. ज्याचा नारळ, त्याच्या बाजूनं मागायचं. होडीवाल्यासाठी असंच, नवरीसाठी असंच. त्याच्या मनात काय आहे ते विचारायचं नसतं, आणि जो आडवा येईल त्याला देवानं बघून घ्यावं, हेही ठरलेलं. मी सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते. जनाकाकीसुद्धा होय म्हणत होती, हात जोडून, डोळे मिटून. नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे ताटातून फिरले, आम्ही सगळ्यांनी ते खाल्ले. मी दोन घेतले, पोटातल्याच्या नावानं एक जास्त.

मग साहेब आले. साधा माणूस होता, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. उशिराबद्दल माफी मागून बसला. कंपनीच्या इंजिनिअरनं देवळाच्या भिंतीवर टांगलेला मोठा नकाशा उलगडला. सडा त्यात लाल रंगवला होता. सगळाच. पूर्वेचाही आणि पश्चिमेचाही. झऱ्याचं त्यात नावही नव्हतं. बायकांमध्ये कुजबुज झाली. जनाकाकीचा हात माझ्या दंडाशी आला आणि तिथंच राहिला.

"ग्रामस्थांचं काय म्हणणं आहे?" साहेबांनी विचारलं. "तोंडी सांगा, लेखी द्या, कसंही चालेल."

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. बाबा उठले, धोतराचा सोगा नीट केला, माइक तोंडाशी नेला. "सायबानू, आमच्या गावाचा म्हणणा असा आसा, की पश्चिमेचो सडो..."

"घाडीकाकानू," नाडकर्णी मधेच पण अगदी मऊपणानं म्हणाला. तो उभा राहिला होता, हात जोडून. "तुमका बोलूक माजी ना नाय. पन आत्ताच देवाफुडे माज्यासाठी मागलास. सगळ्या गावान व्हय म्हटला. तुमीच म्हटलास, आडो येयत तेका देव बघून घेतलो. आता तुमी आडे येतास? तसा आसात तर माजो नारळ माका परत देवा. मी जातंय."

आजही मला सांगता येणार नाही की त्यानं हे आधीपासून ठरवलं होतं, का त्या क्षणी त्याला सुचलं. पण नारळ परत कसा देणार? तो आमच्या पोटात होता.

बाबा माइक धरून तसेच उभे राहिले. माइकमधून फक्त त्यांचा श्वास येत होता, सड्यापर्यंत जाऊन परत येत होता. मग ते म्हणाले, "देवान जा आयकला, ता आयकला," आणि खाली बसले.

बस्स. एवढंच. माझा बाप, ज्याच्या तोंडात जनाकाकीचं पाणी होतं, तो खाली बसला.

मी इकडे तिकडे बघितलं. गावकीत मुठी आपटणारे सगळे पुरुष जमिनीकडे बघत होते. घाड्यानं शब्द टाकला होता ना! आता कोण बोलणार? गुरुजी अर्धवट उठले, शेजारच्यानं त्यांचा सदरा ओढला. साहेब वाट बघत होते. त्यांनी पुन्हा विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय? घाबरू नका." दंडावरचा काकीचा हात घट्ट झाला, आणि तिनं मला चक्क चिमटा काढला. "वैजू," ती कानाशी म्हणाली, "तू शिकलेली आसस. ऊठ."

मी उठले. माझा स्वभावच तोंडाळ, घाड्याचीच लेक. बायकांतून उठून बोललेली मी पहिलीच असेन त्या देवळात. "साहेब," मी म्हटलं, "पश्चिमेच्या सड्याखाली आमच्या वाडीचं पाणी..."

"वैजू!"

बाबा उठले होते. माइक नव्हता हातात, पण आवाज माइकपेक्षा मोठा होता. "खाली बस."

"बाबा, पण तुम्हीच..."

"खाली बस म्हटलंय ना! एक शब्द पुढे काढू नको." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या जन्मात त्यांनी माझ्यावर तसा आवाज चढवला नव्हता. दोन पावलं ते माझ्याकडे आलेसुद्धा, हात पुढे करून, मला धरून खाली बसवणार असल्यासारखे.

मी बसले. आजूबाजूला कुणीतरी म्हातारी पुटपुटली, घाड्याच्या चेडवान घाड्यार बोलूचा नाय, लेकीनं बापावर बोलू नये म्हणे. साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, तरी कुणी उठलं नाही. मग ते काहीतरी लिहायला लागले. काकीचा हात माझ्या दंडावरून केव्हा निघाला ते मला कळलं नाही. ती कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली होती.

लाज म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. स्वतः काही केलं की वाटते ती वेगळी. आपल्या माणसानं केलं आणि आपण त्याचेच डोळे, त्याचंच नाक घेऊन लोकांत बसलोय, ही लाज जास्त वाईट. आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरी जाईपर्यंत मी बाबांच्या मागे दहा हात अंतर ठेवून चालले.

आई चहा घेऊन आली. मी घेतला नाही. "देवाचं नाव सांगून मान सांभाळलात ना?" मी बाबांना म्हटलं. "माइकवर आवाज छान येत होता. जनाकाकीचं पाणी गेलं तरी चालेल, घाड्याचा शब्द राहिला पाहिजे!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, पोटाकडे. मला वाटलं, नजर चुकवतायत. तिन्हीसांजेला ते बाहेर पडले. मी मनात म्हटलं, चालले असतील देवळात, माइकवाल्याची पाठ थोपटायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली आणि कुडाळला सासरी निघाले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, आईनं डिंकही आणून ठेवला होता. मी आईला सांगितलं, तिथं चांगले डॉक्टर आहेत. बाबा एसटीपर्यंत सोडायला आले नाहीत. मीही मागे वळून पाहिलं नाही.

मुलगी झाली. बाबा बारशाला आले, बाळाच्या पायांत चांदीचे वाळे घातले, दारातल्या खुर्चीवर बसून परत गेले. मी त्यांच्याशी जेवलात का, चहा घेणार का, एवढंच बोलले. खाणीची बातमी कुडाळात पसरली होती. सासरची माणसं म्हणायची, "काय गो, तुझ्या बापाशीन एका नारळात डोंगर दिलो म्हणे?" ती चेष्टा होती, पण मी मान वर करू शकत नसे. उत्तर काय देणार? दिलाच होता.

खाण सुरू झाली. पूर्वेकडून नाही, पश्चिमेकडून, कारण तिथं माल चांगला होता. पहिल्या पावसाळ्यात झऱ्याचं पाणी तांबडं आलं. दुसऱ्या उन्हाळ्यात आलंच नाही. आई फोनवर सांगायची, मी ऐकायची. मधे जत्रा येऊन गेल्या, गाऱ्हाणं बाबांनी घातलं नाही, चुलत भावाला पुढे केलं. गावानं त्यांना कधी बोल लावला नाही. लावणार कसा, होय तर सगळ्यांनीच म्हटलं होतं. त्यामुळे कुणी कुणाशी त्या दिवसाबद्दल बोलतच नसे.

मुलगी अडीच वर्षांची असताना, एप्रिलात, आईला ताप आला म्हणून मी शिरोंज्याला गेले. जनाकाकीच्या बागेपाशी रिक्षा थांबवावी लागली, कारण मला पुढे बघवेना. पोफळी उभ्या होत्या, पण शेंडे मान टाकलेले. निम्म्या बागेत नुसते बुंधे.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा टँकर येणार होता. पाण्याची सोय म्हणून वाडीला कंपनीनं तो दिला होता, कोरा करकरीत, कपाळाला झेंडूचा हार. सगळी वाडी हंडे-कळश्या घेऊन रस्त्यावर उभी होती, मीही आईचा हंडा घेऊन. ड्रायव्हर उतरला, हातात नारळ. "पयलीच फेरी हा," तो म्हणाला, "कोणतरी गाराणा घाला. गाडीक बरा असता."

बाबा मागे आंब्याखाली उभे होते, टोपी हातात. सगळे त्यांच्याकडे न बघण्याची खटपट करत होते. तेवढ्यात जनाकाकी रांगेतून पुढे झाली.

"भावजीनू," ती म्हणाली, "घाला तुमी."

माझं डोकंच फिरलं. मी मुलीला कडेवर घेऊन तिच्याजवळ गेले आणि दातओठ खाऊन म्हटलं, "काकी, तुला काही वाटतं का? यांच्याच तोंडानं तुझी बाग गेली. आणि आता टँकरचं गाऱ्हाणंही यांनीच घालायचं?"

काकीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आश्चर्यानं.

"तुका म्हायत नाय?" ती म्हणाली. "तुका कोणी सांगूक नाय?"

"काय?"

"त्या दिवशी तिन्हीसांजेक भावजी माझ्या खळ्यात इले. खाली जमनीर बसले. म्हणाले, जना, तुझा पाणी माझ्यान राखूक झाला नाय. मी एकटो आसतंय तर शब्द मोडतंय, देवान माका काय व्हया ता केला आसता. परत उठतलंयच होतंय, तेवड्यात वैजू उठली. जो कोण आडो येयत तेका देवा तू बघून घी, असा माझ्याच तोंडान मागलेला, आणि माझाच चेडू पोटुशी आडवा उभा. मग माझा काळीज हातात रवला नाय." काकीनं कमरेवरचा हंडा खाली ठेवला. "ढसाढसा रडले, बाय. मी काय बोलतलंय? तुका चिमटो काढून उठवलेलंय मीच. माका तेव्हा तुझ्या पोटाची आठवणच नाय ऱ्हवली. पाण्यापायी मी आंधळी झालेलंय."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू येय खय होतंस?" काकी म्हणाली. "बाळंतपणाक पन इलंस नाय."

मुलगी कडेवर वळवळत होती, टँकरच्या हाराकडे हात करत होती. मला वाटलं, बाबांकडे धावत जावं. गेले नाही. देवबिव काही करत नाही, असं मी कॉलेजात दहादा वाद घालून सिद्ध केलं होतं. पण एका माणसाला ते खरं वाटत होतं, आणि तो माझा बाप होता, आणि त्यानं सड्यापेक्षा, स्वतःच्या नावापेक्षा आणि काकीच्या पाण्यापेक्षा मला निवडलं होतं. आणि मी त्याला माइकवरून टोमणे मारले होते.

बाबा पुढे आले. ड्रायव्हरनं नारळ दिला. माइक नव्हता, आवाजही पूर्वीचा उरला नव्हता, म्हाताऱ्या माणसाचा बारीक आवाज.

"बा देवा रवळनाथा... म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. हळू, चोरट्यासारखे.

"ही गाडी तुझ्या वाडीक पाणी घेवन इली हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तिका वाटेत खय अडचण येवक देव नको, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आता ते वाक्य यायचं होतं. जो कोण आडो येयत. सगळ्यांना ठाऊक होतं आता तेच येणार, गाऱ्हाणं तसंच असतं. बाबांनी तोंड उघडलं आणि माझ्या मुलीकडे पाहिलं. मग तोंड मिटलं. वाडी थांबून राहिली. कुणी पुढचं सुचवलं नाही.

"व्हय म्हाराजा," जनाकाकी एकटीच म्हणाली. न बोललेल्या वाक्याला. मग बाकीच्यांनीही म्हटलं. मला मात्र ते म्हणता आलं नाही. नारळ फुटला.

ड्रायव्हरनं तोटी सोडली आणि रांग हलली. जनाकाकी सगळ्यात पुढे होती, पहाटेपासून तिनं नंबर धरला होता. पाठीमागून बायका घाई करत होत्या, टँकर एकच, कुणाला पुरेल न पुरेल. काकीचा नंबर आला. तिनं हंडा तोटीखाली लावला नाही. ती बाजूला झाली आणि मला हातानं पुढे ओढलं.

"तू भर आधी," ती म्हणाली. "तुझ्या कडेर पोर आसा."

मी नको म्हणायला हवं होतं. मागे बायका बघत होत्या, आंब्याखाली बाबा बघत होते, तोटीतून पाणी मातीत सांडत होतं. मी मुलीला खाली ठेवलं, हंडा लावला, आणि जनाकाकीच्या आधी भरून घेतला.